टीव्हीत शिरलेली काशीबाई

काशीबाई, हे पत्र तुझी नात सुलू तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी सुलूलाच सांगते. मोठ्याने वाच, आजीला आता कमी ऐकू येतं. मधलं काही गाळू नकोस. आजी मधेच "खोटं हाय हे!" म्हणून ओरडेल, तिला ओरडू दे आणि तू पुढे वाचत राहा.

तर काशीबाई, इथल्या वाचनालयाने यंदाच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला. विषय 'आपल्या तालुक्यातलं एक माणूस'. मी म्हटलं, दातिवऱ्याच्या काशीबाई तांडेल यांच्यावर लिहिते. तर तो संपादक विचारतो, "त्या कोण?" मला इतका राग आला की फोन आपटला. ज्या बाईचा आवाज ऐंशीच्या दशकात अख्ख्या गावाच्या टीव्हीतून ऐकू यायचा, ती कोण म्हणे! आता लिहायला बसले आहे. पण माणसाच्या पाठीमागे लिहायचं मला जमत नाही, म्हणून छापायच्या आधी तुलाच धाडते. तुला यातलं सगळं ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना नाही, त्यामुळे सुरुवातीपासून सांगावं लागेल. कंटाळा आला तर सुकट निवडत ऐक.

तेव्हा मी पालघरच्या एका हायस्कुलात फिजिक्स शिकवत होते. तू आठवड्यातून दोनदा यायचीस, एसटीने सफाळे, तिथून गाडीने पालघर, डोक्यावर मासळीची पाटी. तू वळणावर असतानाच शेजारणीची मांजर माझ्या ओट्यावर येऊन बसायची, इतका तुझा आवाज पुढे चालायचा. भाव करताना मी घासाघीस केली की तू म्हणायचीस, "मास्तरीणबाय, पोरांना मार्क देताना बी अशीच हात आकडतंस काय?" एक मासा कधी जास्त टाकला नाहीस. मीही कधी मागितला नाही.

तुझ्या गावच्या मच्छीमार सोसायटीने वायरलेस घेतला त्याला कारण होतं. आदल्या वर्षी वादळाची खबर रेडिओवर आली तेव्हा होड्या खोल समुद्रात होत्या. किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक, समुद्रात कोणालाच नाही. पदर हलवून का सांगणार? होड्या मोडक्या-तोडक्या होऊन परत आल्या, तुझा धाकटा दीर आला नाही. त्याबद्दल तू माझ्याशी एकदाच बोललीस, म्हणून मीही इथे एवढंच लिहिते. पुढे सोसायटीने सरकारी परवाना काढला, एक यंत्र कचेरीत बसवलं आणि चार मोठ्या होड्यांवर चार. तुझा नवरा दादू याच्या होडीवर त्यातलं एक.

यंत्रावर बोलायला चेअरमन रामू मेहेरने आपला भाचा नेमला. मुलगा अगदी सालस होता. "हॅलो, हॅलो, कृपया उत्तर द्यावे," असं तो इतक्या नाजूक आवाजात म्हणायचा की इंजिनाच्या धडधडीत दादूला वाटायचं, कानाशी डास गुणगुणतोय. एकदा तू घरचा निरोप द्यायला कचेरीत गेलीस, मुलाचं ते 'कृपया' ऐकलंस आणि माईक त्याच्या हातातून ओढून घेतलास. "दादू! कान हायेत का इकून खाल्लंस?" दादूने पहिल्यांदाच उत्तर दिलं. ज्यांच्याकडे यंत्र नव्हतं त्या होड्यांनाही तो आवाज पोचला, असं नंतर गावात सांगत. त्या दिवसापासून दुपारनंतर यंत्रावर तू. भाच्याला रामूने डिझेलचा हिशेब दिला आणि तो सुखी झाला.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग गावात टीव्ही आले.

फार नव्हते. रामूकडे एक, रेशनच्या दुकानदाराकडे एक, अजून इकडेतिकडे काही. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की अर्धं गाव रामूच्या ओटीवर. एका रविवारी सिनेमात नायिका सासरी निघाली होती. तिने आईच्या पायांवर डोकं ठेवलं, आईने थरथरता हात उचलला, आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं आणि त्या तोंडातून आवाज आला:

"दादू! ए दादू! तुजी आय सकालपासून रुसून बसली हाय. भाकर खाल्ली नाय. मी नाय समजवनार, सांगून ठेवतं!"

तुझी सासू गोदूबाई सगळ्यांत पुढे बसलेली. ती उठून उभी राहिली.

"मी रुसली? मी?"

"आजे, बस ना खाली, दिसत नाय," मागून पोरं ओरडली.

"बसू कशी? सगल्या गावासमोर माजी अब्रू काडतंय ती! ए, बाहेर ये त्या पेटीतून!"

म्हातारीने टीव्हीला काठी मारली नाही, कारण रामूने वेळेवर काठी धरली. नायिका तोपर्यंत सासरी पोचली होती.

सासूसुनेचं भांडण गावाने मिटक्या मारत ऐकलं, त्यात कोणाचं नुकसान नव्हतं. नुकसान दुसरीकडे झालं. मासळी कुठे लागली, किती लागली, हे होड्या तुला सांगत आणि तू ते मोठ्याने पुन्हा म्हणायचीस, नीट ऐकलं याची खात्री म्हणून. मासळीच्या जागा म्हणजे घरचं गुपित. बाप ते मुलाला कानात सांगतो. आता रेशनच्या दुकानात बसलेले व्यापारी बातम्या बघता बघता ऐकायचे, "दादूला घोल लागली, पाटी भरून!" आणि होडी किनाऱ्याला लागायच्या आत भाव पाडून मोकळे. लोक चिडले. कोणीतरी मुंबईला तक्रार धाडली. मुंबईहून सोसायटीला कळवण्यात आलं की अधिकारी तपासायला येतील, आणि टीव्हीत आवाज येत असेल तर यंत्र बंद करण्यात येईल.

रामूने तुला बोलावलं. "काशी, एक तर टीवी, नायतर वायरलेस. आनि गाव काय टीवी सोडायचा नाय."

दुसऱ्या दिवशी तू माझ्या ओट्यावर पाटी उतरवलीस आणि न विचारता माझ्या ताटलीत दोन पापलेटं ठेवलीस. पैसे नको म्हणालीस. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी भयंकर झालं आहे.

"बाय, तू पोरांना लहरी शिकवतंस ना? मंग माजी लहर टीवीत का जातंय ते सांग."

मी सांगितलं. कुठलंही यंत्र आपली ठरलेली लहर सोडतं, पण तिच्यासोबत दुप्पट, तिप्पट वेगाने थरथरणाऱ्या बारीकसारीक लहरीही सुटतात. नको असलेल्या. तुझ्या यंत्राची दुप्पट नेमकी जिथे टीव्हीचा आवाज बसतो, तिथे जाऊन बसत होती.

तू म्हणालीस, "म्हंजे जालं टाकलं पापलेटासाठी, त्यात खेकडे बी आले."

"बरोबर."

"मंग खेकडे काडून टाक ना! येवढं शिकलीस कशाला?"

हे वाक्य मला झोंबलं, म्हणून मी पुढच्या रविवारी दातिवऱ्याला आले. बिस्किटांच्या डब्यात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली, पेन्सिलीवर गुंडाळून केलेली, मधे छोटे कपॅसिटर. ही गाळणी. यंत्र आणि एरियल यांच्यामध्ये जोडायची. ठरलेली लहर आरपार जाते, तिच्याहून जलद थरथरणाऱ्या लहरी डब्यातच अडकतात. कागदावर सुंदर होती. जोडली, रामूकडे टीव्ही लावला, तू बोललीस. बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडून तू आलीस. आधी होतीस तितकीच स्पष्ट.

"तुजं जालं फाटकं हाय, बाय," तू म्हणालीस.

मग मी टीव्हीच्या बाजूने प्रयत्न केला. टीव्हीच्या मागे एरियलची चपटी वायर येते, तिथेच त्याच वायरीचा एक तुकडा लटकवायचा आणि आवाज साफ होईपर्यंत तो थोडा थोडा कापत जायचा. हीही गाळणीच. आवाज साफ झाला नाही, पण गावाला हा प्रकार फार आवडला. आठवड्याभरात प्रत्येक टीव्हीला शेपूट होतं. ज्याचं लांब त्याला मान. एकाने कापता कापता एरियलच कापली आणि मला येऊन म्हणाला, "बाय, आता काशीबाय येत नाय." येणार कशी? त्याच्याकडे काहीच येत नव्हतं.

रामूने मला चहा दिला आणि विचारलं, "तुमी किती शिकल्या?"

"बी.एस्सी., बी.एड."

"तरीच. एम.एस्सी. पायजे होती."

मी तो चहा अर्धा टाकून उठले. अशा अपमानाने माझं डोकं चांगलं चालतं. मी यंत्राची एरियल काढून टाकली आणि तिच्या जागी दिव्याचा एक बल्ब जोडला. म्हणजे यंत्र चालणार, पण लहर हवेत न जाता बल्बमध्येच जिरणार. तुला म्हटलं, बोल. तू बल्बशी बोललीस, "काय रं टकल्या, पेटतंस का?" आणि टीव्ही स्वच्छ! एरियल परत जोडली की टीव्हीत तू. म्हणजे यंत्राच्या पेटीतून काही झिरपत नव्हतं, आणि एरियलच्या वाटेवर तर माझी गाळणी बसलेली होतीच. घाण यंत्रातून येतच नव्हती. ती बाहेर, गावातच कुठेतरी तयार होत होती.

कुठे, हे शोधायला आपण जे केलं ते आठवून मला आजही हसू येतं. रेशनवाल्याकडे बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही होता. तो पाटीत ठेवला, पाटी तुझ्या शेजारणीच्या, जमनाच्या डोक्यावर. बॅटरी माझ्या पिशवीत. आम्ही दोघी गल्लोगल्ली फिरणार, जिथे तुझा आवाज सगळ्यांत मोठा येईल तिथे रोग. तू कचेरीत बसून सारखं बोलत राहायचं. "काय बोलू?" तू विचारलंस. मी म्हटलं, "काहीही बोल, पण थांबू नकोस." काशीबाई, तुला असं सांगणं हे माझ्या हातून झालेलं एकमेव अशास्त्रीय काम.

आधी तू होड्यांची नावं घेतलीस. मग माशांची. मग देवांची. आम्ही देवळावरून गेलो, आवाज बारीक. विहिरीपाशी अजून बारीक. किनाऱ्याच्या बाजूला वळलो तसा वाढायला लागला. जमना खूश, मान ताठ, डोक्यावर तू बोलतेस आणि खाली ती डुलत चालते आहे. तोवर तुझे देव संपले होते. आणि जमनाच्या डोक्यावरून आवाज आला:

"आता कोनाचं नाव घेऊ? ती जमना हाय, तिचं घेतं. होलीला माजी कोंबडी नेली, म्हनतं मुंगसानं नेली. मुंगसाला काय मसाला वाटता येतं? सगल्या आलीत वास सुटलेला!"

जमना थांबली. पाटी डोक्यावरून उतरवली, होती तिथेच वाळूत ठेवली आणि पदर खोचून कचेरीकडे धावत सुटली. मी बॅटरी सांभाळत तिथेच. टीव्हीतून आधी दाराचा आवाज आला, मग "कोंबडी म्हनतंस?" मग "खाल्लीस नाय तर काय?" आणि मग तुम्हा दोघींचा असा काही गलका उसळला की मी कानांवर हात ठेवले. त्या पाटीतला इवलासा टीव्ही नुसता गरजत होता. अख्ख्या गावात इतका मोठा आवाज कुठेच आला नव्हता.

मी वर बघितलं. पाटी तुझ्या वलांडीखाली होती.

न पाहिलेल्यांसाठी सांगते. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची परांची, बांबूचे खांब आणि त्यांच्यामध्ये ताणलेले दोर. दोरावर बोंबलांच्या जोड्या, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून. सगळ्या गावाचे दोर काथ्याचे. तुझे मात्र तारेचे. बोईसरच्या भंगारवाल्याकडून कारखान्यातल्या तारेचे तुकडे आणलेस, पीळ देऊन एकाला एक जोडलेस आणि मिरवलंस, की तुमचे दोर दर साली कुजतात, माजी तार जन्मभर टिकेल. खाऱ्या वाऱ्याने त्यातला एकूण एक जोड गंजला होता. गंजलेला जोड विजेला एकीकडून जाऊ देतो, दुसरीकडून अडवतो. कचेरीची एरियल तिथून हाकेच्या अंतरावर. तिची साफ लहर तुझ्या तारेत शिरायची, गंजात पिळवटायची आणि दुप्पट होऊन बाहेर पडायची. तार लांबलचक, म्हणजे तीच एरियल. सोसायटीचं स्टेशन परवान्याचं होतं. तुझी वलांडी हे दुसरं स्टेशन, बिनपरवान्याचं, आणि त्यावर बोंबील टांगलेले. माझ्या डब्याने तिथे काय गाळायचं?

तुम्हा दोघींना सोडवून मी हे तुला सांगितलं. तू हसलीस.

"माजी तार बोलतंय? तिला तोंड हाय?"

"गंज आहे. तेवढा पुरतो."

"तो भंगारवाला बोललेला, 'बहन, जिंदगीभर गंज नहीं लगेगा.'"

"हात लाव आणि बघ."

तू हात लावलास. बोटं तांबडी झाली. पदराला पुसलीस आणि म्हणालीस, "हलद असंल."

तार काढ म्हटलं तर नाही. काथ्याचे दोर लावले की सगळ्या बाया हसणार, "काशीची जन्माची तार एका सालात मेली!" वर, बोंबील अर्धे सुकलेले. आता खाली काढले तर वाळूत सुकवायचे, आणि वाळूतला बोंबील दाताखाली कचकचतो, त्याला कोण विचारतं? मी म्हटलं, यंत्र जाईल. तू म्हणालीस, दुसरं कायतरी असंल, तू अजून एक डबा बनव. मी संतापून एसटी गाठली.

अधिकारी आले त्या दिवशी मी रजा टाकून आले होते. साहेब पांढऱ्या शर्टातले, घामाने भिजलेले, फार सभ्य. रामूच्या ओटीवर टीव्हीसमोर बसले. कचेरी शेजारच्याच घरात, खिडकीला खिडकी. तू यंत्रासमोर, मी तुझ्या पाठीशी, आणि वलांडीवर बोंबील तसेच डोलत. साहेब म्हणाले, "बाईंना बोलायला सांगा."

तू माईक उचललास. दाबला नाहीस. माझं सगळं बोलून झालं होतं. तेवढ्यात यंत्रातून खरखरत दादू आला. त्याला बिचाऱ्याला इथलं काही माहीत नव्हतं. म्हणाला, "काशी, वारा फिरल्यागत वाटतंय. रेडिओवर काय सांगितलंय?"

नेहमीचाच प्रश्न. तो रोजच विचारायचा. तुझा चेहरा मात्र असा झाला की मी नजर वळवली. तू म्हणालीस, "कायेक नाय, आभाल चांगला हाय. थांब, आलं." माईक माझ्या हातात कोंबलास, मासळी कापायचा कोयता उचललास आणि पळालीस.

साहेबांनी ओटीवरून काय बघितलं असेल! एक बाई कोयता घेऊन धावते आहे, मागे गोदूबाई काठी टेकत "काशे, कोनाला मारतंस?" आणि तू या खांबापासून त्या खांबापर्यंत खटाखट तारा तोडते आहेस. बोंबील धपाधप वाळूत. क्षणात कावळे, कुत्री, कोंबड्या आणि आळीतली सगळी मांजरं. जमना भांडण विसरून कावळे हाकलायला धावली. तू एकूण एक तार तोडून, गुंडाळून, परत आलीस, धापा टाकत माईक घेतलास आणि जीव एकवटून म्हणालीस, "दादू! ऐकतंस का?"

ओटीवर साहेब म्हणाले, "अजून आवाज येतोय."

मी खिडकीतून टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीत कोणी सतार वाजवत होतं, स्वच्छ. साहेबांना ऐकू येत होतीस ती तू स्वतः, खिडकीतून. मी खिडकी लावून घेतली आणि बाहेर जाऊन सांगितलं, "आता ऐका." त्यांनी ऐकलं. सतार. त्यांनी टीव्हीला कान लावला. सतार. "बाई बोलताहेत ना?" "बोलताहेत. खिडकी उघडून दाखवू?" "नको, नको," साहेब घाईने म्हणाले.

यंत्र राहिलं. साहेब कालवण-भात जेवून, वाळूतल्या बोंबलांची पुरचुंडी घेऊन गेले. कचकचले असतील, पण त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या हंगामात वादळाची खरोखरीची खबर आली, तेव्हा तू यंत्रावर होतीस. तू काय म्हणालीस ते दादू सगळ्यांना सांगायचा, मी इथे छापू शकत नाही. सगळ्या होड्या अंधार पडायच्या आत खाडीत होत्या.

राहिली ती तार. तू ती भेंडोळी डोक्यावरून पालघरला आणलीस आणि माझ्या ओटीवर आपटलीस. "त्या भंगारवाल्याच्या तोंडावर मारून येवू. तू हिंदी बोल, मी शिव्या देतं." मी तयारच होते. आपण गाडीत बसलोही. उमरोळी आलं आणि फलाटावर कोणी बाई "दातिवऱ्याचा बोंबील, दातिवऱ्याचा!" म्हणून ओरडत होती. तू खिडकीतून पाटीत डोकावलीस, म्हणालीस, "ह्यो दातिवऱ्याचा?" आणि उतरलीस. गाडी सुटली तेव्हा तू तिच्या पाटीतला एकेक बोंबील नाकाला लावून खाली फेकत होतीस. मी बोईसरला एकटीच उतरले. दुकानापर्यंत गेले. तो माणूस गल्ल्यावर बसून केळं खात होता. मी "सुनिए" म्हटलं, त्याने "बोलिए, मॅडम" म्हटलं, आणि पुढच्या शिव्या सगळ्या तुझ्याकडे राहिल्या होत्या. मी तार उचलली आणि परतीच्या गाडीत बसले.